उताऱ्याबाहेरचं उत्तर

यंदाही पौष लागताच धुकं उतरलं आणि ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या आमच्या गल्लीतली समोरची घरं सकाळच्या वेळी नाहीशी व्हायला लागली. दूधवाल्याची मोटरसायकल आधी ऐकू येते, मग बऱ्याच वेळानं दिसते. छतावर गेलं तर किल्ला असायला हवा तिथं नुसता पांढुरका पडदा. थंडीमुळे शाळांना सुट्टी दिल्याची बातमी येते, मुलं रजईत परत शिरतात आणि घराघरांतून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास सुटतो. आळसावून बसावं असेच हे दिवस. पण हे दिवस आले की माझ्या पायांना काहीतरी होतं. मी एका जागी बसू शकत नाही.

परवा समोरच्या भाभी शाल गुंडाळून फाटकाशी आल्या. "भाभी, मुक्ता की वो वाली किताबें रखी हैं क्या? कॉम्प्रिहेन्शनवाली? पीहू को भी वो एग्ज़ाम दिलवा रहे हैं इस बार।"

"बघते हं," असं मी मराठीतच म्हणून गेले, मग हिंदीत म्हटलं. पुस्तकं माळ्यावर होती. काढली, पुसली, दिली. भाभी लेकीसाठी पुस्तकं घेऊन खूश होऊन गेल्या. मी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. कपडे काढायला छतावर गेले, तर ते ओलेच. खाली आले. पुन्हा वर गेले. एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. त्या दिवशी तपासायला आणलेल्या पेपरांचा गठ्ठा मी उघडून तसाच ठेवला. सगळं अंग दोन हिवाळ्यांपूर्वीच्या त्या दिवसांत जाऊन बसलं होतं.

तेव्हा माझी मुलगी मुक्ता पाचवीत होती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आम्ही डोंगरात फिरायला गेलो होतो आणि परत येताना वाटेत मुलींची एक निवासी शाळा लागली. गाडीचं इंजिन तापलं म्हणून आम्ही तिच्या कुंपणाशी थांबलो होतो. आत मैदानाच्या कडेनं एक मुलगी पुस्तक वाचत वाचत एकटीच चालली होती, समोर न बघता. मुक्ता कुंपणाला चिकटून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, इसको कोई टोकता नहीं?"

आमच्या घरी तिला सारखं टोकलं जायचं हे खरं. जेवताना वाचू नकोस, झोपून वाचू नकोस, पाहुणे आलेत, पुस्तक ठेव. घरी येऊन तिनं जाहीर केलं की तिला त्या शाळेत जायचंय. तिचे बाबा, सुहास, नोकरीसाठी इंदूरला असतात आणि शनिवार-रविवार घरी येतात. त्यांना फार आनंद झाला. मला काय झालं ते मला नीट सांगता येत नव्हतं. पोरीनं स्वतःहून काहीतरी मागितलंय, ते तिला मिळावं असं वाटायचं. आणि मिळालं तर हिचं अंथरूण रोज कोण घालील, या विचारानं हातातलं काम सुटायचं.

प्रवेश परीक्षेत गणित होतं, पण खरी गाळणी होती इंग्रजी उताऱ्यांची. उतारा वाचायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं पर्यायांतून निवडायची. सगळे म्हणाले, मुक्ताला हे सोपं आहे, ती तर पुस्तकं खाते. मीही तसंच समजत होते.

क्लास दाल बाजारात होता, एका धान्याच्या दुकानाच्या वर. जिना चढताना डाळीची भुकटी नाकात जायची, आणि खाली कुणी मिरचीचं पोतं हलवलं की वरचा वर्ग एका सुरात शिंकायचा. सर तरुण होते, मनापासून शिकवायचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बोलावलं. मुक्ताचे गणिताचे गुण चांगले आणि उताऱ्याचे अगदीच बेताचे होते.

"मैडम, पढ़ती तो बहुत अच्छा है," ते म्हणाले, "लेकिन जवाब अपने मन से देती है।"

त्यांनी तिची एक उत्तरपत्रिका दाखवली. उतारा एका म्हाताऱ्या नावाड्यावर होता. नदीवर पूल झालाय, होडीनं कुणी जात नाही, तरी त्यानं होडी विकलेली नाही. प्रश्न होता, त्यानं होडी का विकली नाही? पर्याय चार. होडी जुनी होती, ती त्याच्या वडिलांची होती, गिऱ्हाईक मिळालं नाही, पूल पडेल अशी त्याला आशा होती. मुक्तानं एकाही पर्यायावर खूण केली नव्हती. बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, "त्याला कुणी विचारलंच नाही."

मला हसू आलं. सरांना आलं नाही. "बेटा," ते मुक्ताला म्हणाले, "पैसेज में जो लिखा है, वही। उससे ज़्यादा नहीं, उससे कम नहीं।"

"पर सर, पैसेज में लिखा ही नहीं है कि किसी ने पूछा," मुक्ता म्हणाली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खाली हातगाडीवाले एकमेकांना वाट द्यायला तयार नव्हते.

त्या दिवसापासून घरात उताऱ्यांचं राज्य सुरू झालं. मी तिला प्रश्न विचारायला लागले आणि मला थांबता येईना. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर, पाण्याच्या बिलामागच्या सूचना, काहीही समोर दिसलं की, सांग, यातला मुख्य विचार कोणता? मुक्ता उत्तर द्यायची, मग कंटाळायची, मग नुसती बघायची. मला कळायचं की आपण ताणतोय, पण हात मोकळे ठेवले की भीती वाटायची. एकीकडे मी तिला शिकवत होते की वाचताना स्वतःला बाजूला ठेव. दुसरीकडे, ही स्वतःला बाजूला ठेवायला शिकली तर हिच्यात राहील काय, असंही मनात यायचं. दोन्ही विचार एकाच वेळी कुकरच्या शिट्टीसारखे चढायचे.

शेवटी सूत्रं अण्णांनी हातात घेतली. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांनी सगळं आयुष्य ग्वाल्हेरच्या कोर्टात दिवाणी वकिली केली. त्यांच्या पणजोबांच्या आधीपासून हे घराणं इथं कारकुनी करत आलेलं. शिंद्यांच्या दरबाराचे कागद लिहिणारी माणसं. अण्णांचं मराठी अजून ताठ, मध्येच कोर्टाची उर्दू येते, आणि रागावले की शुद्ध हिंदी. कागद वाचणं हाच त्यांचा धंदा होता. विक्रीखतात एक शब्द कुठं सरकलाय ते त्यांना वास आल्यासारखं कळायचं, असं त्यांचे अशील सांगत.

"तू बाजूला हो," ते मला म्हणाले. "आईनं शिकवलं की ती शिकवण राहत नाही, काळजी होते. मुक्ते, इकडे बस. उतारा मोठ्यानं वाच. मी ऐकतो."

"परीक्षेत मोठ्यानं नाही वाचता येत, अण्णा."

"मोठ्यानं वाचलेलं मनात राहतं. परीक्षेत मनातलं ऐक."

रोज दुपारी ऊन आलं की छतावर सतरंजी पडायची. अण्णा भिंतीला टेकून, डोळे मिटून, कानटोपी घालून. मुक्ता त्यांच्यासमोर पालथी. ती वाचायची, मग वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायची, आणि ते मध्येच हात वर करायचे. "थांब. तू 'कदाचित' गाळलास." किंवा, "तो म्हणाला की त्याला वाटलं? दोन्हींत फरक आहे, बेटा. एकावर साक्ष उभी राहते, दुसऱ्यावर नाही." मुक्ता मागे जाऊन पुन्हा वाचायची. पुन्हा वाचताना तिचा आवाज हळू व्हायचा, शब्दांवरून पाय टाकत चालल्यासारखा. तिथंच मी मटार सोलत बसायचे आणि वाटायचं, हे असंच चालू राहावं, परीक्षा येऊच नये.

गुण वाढले. सर खूश झाले. आणि त्याच सुमाराला अण्णांचा चष्मा सारखा बिघडायला लागला.

दिवाळीत एक दिवस त्यांचं डोकं फार दुखलं होतं. चक्कर आली होती, एक दिवस पडून राहिले होते. नंतर ठीक. पण पेपर वाचणं कमी झालं. नंबर बदललाय, म्हणाले. महाराज बाड्यावरच्या बाजारात जाऊन नवा चष्मा केला. तो नाकाला लागतो, म्हणाले. दुसरा केला. तोही जमेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू आहे पण कोवळा आहे, उन्हाळ्यात बघू. आम्ही ते उन्हाळ्यावर टाकलं. सुहास म्हणाले, वय आहे. मी म्हटलं, हो, वय आहे. पेपर रोज सकाळी त्यांच्या मांडीवर असायचाच, पानंही उलटली जायची.

संक्रांतीच्या आधीची ती दुपार. बऱ्याच दिवसांनी ऊन कडक पडलं होतं. मी स्वयंपाकघरात तीळ भाजत होते. मुक्ता जिन्यावरून खाली आली आणि ओट्याशी उभी राहिली. चेहरा असा की काहीतरी फुटलंय आणि ते सांगायचंय.

"आई, अण्णांना दिसतं."

"काय दिसतं?"

"सगळं दिसतं. त्यांनी माझ्या स्वेटरचं बटण लावून दिलं. सुईत दोरा स्वतः ओवला, चष्म्याशिवाय. त्या लांबच्या टाकीवर माकड बसलंय ते मला नाही दिसलं, त्यांना दिसलं." ती थांबली. "पण त्यांना वाचता येत नाही."

"अगं, मोतीबिंदू आहे ना त्यांना."

"नाही. मी त्यांना म्हटलं, मला डिक्टेशनसाठी एक वाक्य लिहून द्या. त्यांनी लिहिलं. मस्त लिहिलं, इंग्लिशमध्ये, एकदम सरळ ओळीत. मग मी थोडा वेळ दुसरं काहीतरी बोलले, और फिर वही कागज़ दिया, म्हटलं वाचा. तर म्हणाले, चष्मा आण. मी चष्मा दिला. म्हणाले, हा नाही, दुसरा. दुसरा दिला. मग म्हणाले, तूच वाच, मी ऐकतो." तिचा आवाज बारीक झाला. "त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं, आई."

तीळ तडतडत होते. मी गॅस बंद केला. "तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सब कुछ सामने ही तो है."

मी वर गेले. अण्णा उन्हात बसले होते, कागद त्यांच्या गुडघ्यावर होता. मी शेजारी बसले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"पोरीला कळलं ना?"

"अण्णा, कधीपासून?"

"दिवाळीपासून." कागदावर त्यांनी बोट ठेवलं. "अक्षरं दिसतात गं. काळी आहेत, वळणदार आहेत. पण ती कुणा परक्या मुलखातली असावीत तशी दिसतात. हे मी लिहिलंय, माझ्या हाताला माहीत आहे. डोळ्यांना माहीत नाही." जरा वेळानं म्हणाले, "मला वाटलं, बुद्धी चालली. म्हटलं, बोलायचं नाही. आधी मुक्ताची परीक्षा होऊ दे."

मोठ्यानं वाच, मी ऐकतो. त्या सगळ्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. ती युक्ती शिकवण्याची होती, आणि लपवण्याचीही होती, आणि त्यातून शिकवणं खरंच झालं होतं. यातलं कोणतं आधी, कोणतं नंतर, हे मला आजही सांगता येणार नाही.

"परीक्षेनंतर जाऊ डॉक्टरांकडे," अण्णा म्हणाले. "आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

मुक्ता दारात उभी होती. "नाही," ती म्हणाली. "आज."

वकिलाला कुणी असं उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि कानटोपी नीट केली. "ठीक आहे," म्हणाले, "आज."

तपासण्या झाल्या. मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची गुठळी होऊन छोटासा झटका येऊन गेला होता, दिवाळीतच. वाचायची तेवढी वाट बंद झाली होती. बोलणं, लिहिणं, समजणं सगळं शाबूत. डॉक्टर म्हणाले की रक्तदाब फारच वर आहे, दुसरा झटका दाराशीच उभा होता. "अच्छा हुआ, आप आज ले आए। बहुत अच्छा हुआ।" अण्णांना ठेवून घेतलं. सुहास मिळेल त्या गाडीनं निघून आले.

पुढचे दिवस हॉस्पिटलच्या जिन्यावर गेले. बाहेर धुकं, आत फिनेलचा वास. थर्मास घेऊन मी जायचे, यायचे. क्लासची शेवटची सराव परीक्षा त्याच दिवसांत होती, ती राहिली. सरांचा फोन आला; मी सांगितलं, तर ते म्हणाले, "कोई बात नहीं, मैडम।" मुक्ता उताऱ्यांचं पुस्तक घेऊन अण्णांच्या पलंगाशी बसायची, पण वाचायची नाही. सलाईनच्या थेंबांकडे बघायची. मी म्हणायचे, एक तरी उतारा कर. ती पान उलटायची आणि पुन्हा थेंबांकडे बघायची. मी बाहेर व्हरांड्यात येरझारा घालायचे. आतल्या एकासाठी जीव तुटत होता, दुसऱ्यासाठी घाबरत होता, आणि दोघं एकाच खोलीत होती.

परीक्षेच्या सकाळी धुकं इतकं होतं की मुरारच्या एका शाळेतल्या परीक्षा केंद्रावर जाताना सुहास खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. मुक्ता मागे माझ्या शेजारी, हातमोज्यांत हात. शाळेच्या फाटकाशी आईबाप उभे होते, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती आणि प्रत्येक जण शेवटचं काहीतरी सांगत होता. मी तिचा मफलर सरळ केला. ती आत गेली आणि चारच पावलांवर धुक्यात विरघळली.

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसा होता उतारा?"

"चांगला होता. एक बाई असते. तिच्या गावात विहीर खोदतात आणि पाणी लागत नाही. ती रोज जाऊन बघते." तिनं हातमोजे काढले, घातले. "एक प्रश्न मी सोडला."

"का गं?"

"तिला कसं वाटलं असेल असा होता. चार पर्याय होते. त्यातलं एकही तसं नव्हतं."

सुहासनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, गरम कचोरी खाऊ या. आम्ही खाल्ली. तिखट होती, तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते बरंच झालं.

एव्हाना अण्णा घरी आले होते. निकाल फेब्रुवारी संपता संपता लागला. थंडी ओसरली होती, दुपारी पंख्याची आठवण यायला लागली होती. फोनच्या पडद्यावर नावांची यादी होती. सुहासनी इंदूरहून बघितली, मी इथून बघितली, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला फोन लावेना. मुक्ता शाळेतून आली. माझ्या हातातून फोन घेतला, वरून खालपर्यंत गेली, मग खालून वर.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि दप्तर ठेवायला आत गेली.

ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती रडली नाही. गृहपाठ केला, पोळी खाल्ली, दुधाचा पेला स्वतः धुतला. सुहास शनिवारी आले ते तिच्यासाठी जाडजूड पुस्तक घेऊन. तिनं थँक यू म्हटलं आणि ते कपाटात ठेवलं. सातवीत पुन्हा संधी असते, ते म्हणाले. "देखते हैं," ती म्हणाली. घरात आम्ही सगळेच हळू बोलायला लागलो, कुणी आजारी असल्यासारखे. मी रोज दुपारी कॉलेजातून घाईघाईनं यायचे, जशी काही दाराशी कुणीतरी वाट बघतंय, आणि आल्यावर काय करायचं ते ठाऊक नसायचं.

छतावरची सतरंजी पडेनाशी झाली. आता परीक्षा नव्हती, मग वाचायचं कशाला? अण्णांना सकाळचा पेपर मी वाचून दाखवायचे, भाजी चिरता चिरता, अर्धवट. एकदा मध्येच ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"असं काही नाही हो."

"सूनबाई, कागदावर तारखा आहेत. त्या आठवड्यात ती कुठं होती ते सगळ्यांना माहीत आहे." ते खोटं म्हणता येण्यासारखं नव्हतं, आणि खरं म्हणायची माझी तयारी नव्हती.

मार्चमध्ये पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा तिथल्या एका बाईंनी अण्णांना बराच वेळ बसवून घेतलं. अशा रुग्णांना पुन्हा बोलायला-वाचायला शिकवणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, डोळ्यांचा रस्ता बंद आहे, पण हाताचा चालू आहे. अक्षर बोटानं गिरवा. किंवा कुणीतरी तुमच्या तळहातावर लिहू दे, तुम्ही डोळे मिटून ओळखा. हळूहळू जमेल. पेपर वाचाल की नाही ते सांगता येत नाही, पण दुकानाची पाटी वाचाल.

परत येताना अण्णा गाडीत आपला तळहात बघत होते. घरी आल्यावर चपलाही न काढता मुक्ताच्या टेबलाशी गेले. ती चित्राला रंग देत होती.

"मला शिकवशील का?" त्यांनी विचारलं.

मुक्तानं मान वर केली नाही. "आई शिकवेल."

"आईनं शिकवलं की काळजी होते."

तिनं ब्रश धुतला. खांदे उडवले. "ठीक आहे," म्हणाली. तेच "ठीक आहे", यादी बघितल्यावरचं.

मग संध्याकाळी छतावर, ऊन उतरल्यावर, दोघं बसायला लागले. ती शिकवत होती, पण मन लावून नव्हे. शाळेतल्या बाईंसारखी, नियमानं. त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, तळहातावर एका बोटानं क काढायची, ख काढायची. अण्णा डोळे मिटून बसायचे. ब आणि व मध्ये अडकायचे, घ आणि ध मध्ये अडकायचे. चुकले की ती न बोलता पुन्हा काढायची. ज्या हातानं त्यांनी जन्मभर अर्ज आणि कैफियती लिहिल्या, तो हात उताणा पडलेला बघवायचा नाही. मी खाली निघून यायचे, पुन्हा वर जायचे, काहीतरी निमित्त काढून.

त्या दिवशी निमित्त वाळलेल्या कपड्यांचं होतं. फाल्गुन संपत आला होता. लांब कुठंतरी लाऊडस्पीकर चाचपून बघत होते. मी दोरीवरच्या चादरीमागे होते, आणि ती दोघं मला एका बाजूनं दिसत होती. त्या दिवसापर्यंत काना-मात्रा नसलेले, सुटे शब्द चालायचे. कमळ, गवत, घर. मुक्तानं लिहायला सुरुवात केली आणि अण्णा पुटपुटले, "र." मग, "काना आहे. रा." मग बराच वेळ. "पुन्हा काढ." तिनं पुन्हा काढलं. "ग."

त्यांनी अक्षरं जोडली. "राग."

मी चादर हातात धरून उभी.

"हा धड्यातला शब्द आहे का?" अण्णांनी विचारलं. डोळे अजून मिटलेले.

तिनं मान हलवली, पण ती त्यांना दिसली नाही. ते थांबून राहिले.

"कुणाचा राग?"

तिनं लिहायला घेतलं. आता बोट जोरात चालत होतं, दाबून. "स," अण्णा म्हणाले. "ग." जोडाक्षर आलं आणि ते अडले. तिनं पुसल्यासारखा तळहातावरून हात फिरवला आणि ते पुन्हा काढलं, हळू. "ळ... ळ्या. सगळ्या... सगळ्यांचा?"

तिनं हुंकार दिला, नाकातून.

"आईचा, बाबांचा, त्या शाळेचा."

हुंकार.

"माझाही?"

मुक्ता थांबली. मग तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत नीट धरला आणि त्यावर एकच अक्षर काढलं, सावकाश, काना, वर मात्रा.

"हो," अण्णांनी वाचलं.

तिचे खांदे हलायला लागले. अण्णांनी डोळे उघडले नाहीत, तिला जवळ ओढलं नाही, समजावलंही नाही. हात तसाच तिच्यासमोर उघडा ठेवला.

"कळलं," ते म्हणाले. "पुढं लिही."